हेडमास्तरांची हनुवटी

४ जून

प्रिय भिंगरी,

तुझ्या आईचा निरोप मिळाला की तुला आपल्या दुकानापुढच्या झुडपाची पानं हवीत, आणि तीही प्रयोगशाळेत तपासायला. मला इतका आनंद झाला की समोरच्या गिऱ्हाइकाच्या एका गालाची दाढी करून मी तसाच पानं तोडायला बाहेर गेलो. तो बिचारा आरशात अर्धं तोंड बघत बसून राहिला.

पत्रच लिहितोय, कारण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही. ते निम्मं मग तुझी मामी सांगते, आणि त्यात तिचं स्वतःचं बरंच मिसळलेलं असतं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या मॅडमना सांगायला म्हणून नीट लिहितो. तुझ्या आजोबांनी दुकान घेतलं तेव्हा हे झुडूप पायरीशी होतंच. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. दाढी करताना कुठे वस्तरा लागला की त्याचं एक पान चुरगाळायचं आणि जखमेवर दोन बोटांनी दाबून धरायचं. तुरटीही आहे दुकानात, पण ती झोंबते. भलेभले लोक तुरटी लावली की खुर्चीत कळवळतात आणि मग पैसे देताना तोंड वाकडं करतात. पान झोंबत नाही. रक्त थांबतं, गिऱ्हाईक हसत घरी जातं.

आणि एक गोष्ट मॅडमना जरूर सांग. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेली एकही जखम चिघळलेली नाही. गल्लीत नवी दुकानं आली, गुळगुळीत खुर्च्या आल्या, डोकं चोळून देणारी यंत्रं आली. पण हे वाक्य छातीठोकपणे म्हणणारा मी एकटाच आहे. मला दुसरी कसली मिजास नाही, एवढी एकच आहे, आणि ती या झुडपाच्या जिवावर आहे असं मी मानतो.

पानं कागदी पिशवीत भरली आहेत. शिकल्यासवरल्या माणसांसमोर जायचीत, म्हणून एकेक पान अगदी तयार करून पाठवलंय. धुळीचा कण सापडला तर मला मामा म्हणू नकोस.

तुझा,
मामा


२७ जून

मामा,

तुझं झुडूप पास झालं! नुसतं पास नाही, वर्गात पहिलं आलं.

आधी काय केलं ते सांगते, नाहीतर तू म्हणशील की पोरीनं पानं नुसती टेबलावर ठेवली आणि शेरा मारला. पानं सावलीत वाळवली. मिक्सरमध्ये दळली. (प्रयोगशाळेचा मिक्सर वेगळा असतो, मामीला सांग, ती आमच्या घरी चटणी खाणार नाही नाहीतर.) ती पूड अल्कोहोलमध्ये भिजत ठेवली, गाळली आणि अल्कोहोल उडू दिलं. खाली राहिला हिरवा-काळा चिकट अर्क. वास असा की दोन दिवस माझ्या शेजारी कुणी जेवायला बसलं नाही.

मग खरी परीक्षा. काचेच्या चपट्या बशीत आम्ही जेलीसारखा थर ओततो. तो जंतूंचा खाऊ. त्यावर जखमेत पू करणारे जंतू पसरवतो आणि मधोमध अर्कात भिजवून वाळवलेली कागदाची छोटी टिकली ठेवतो. बशी अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात जाते. दुसऱ्या दिवशी जंतू वाढून सगळी बशी धुरकट होते. पण टिकलीभोवती जर काचेसारखं स्वच्छ गोल कडं उरलं, तर समजायचं की अर्कानं जंतूंना जवळ फिरकू दिलं नाही. शेजारी नुसत्या अल्कोहोलची टिकलीही ठेवतो, म्हणजे श्रेय भलत्याला जायला नको. तिच्याभोवती काहीही नव्हतं. आणि तुझ्या पानाच्या टिकलीभोवती एवढं मोठं कडं, की मी पट्टी लावली आणि मग पट्टीच खोटी आहे का ते दुसऱ्या पट्टीनं बघितलं.

आमच्या मॅडम कुणाचं काहीही बघून 'हं' एवढंच म्हणतात. माझी बशी बघून दोनदा 'हं' म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, जी बापडी कधीपासून बिया दळतेय, तिनं माझ्याशी दुपारपर्यंत अबोला धरला.

आता महत्त्वाचं. सप्टेंबरात परिषद आहे, बाहेरचे मोठे लोक येणार आहेत, आणि मॅडम म्हणतात तिथे हे मी बोलायचं. मी! हे नीट पार पडलं तर त्या मला पुढच्या संशोधनासाठी ठेवून घेतील. नाहीतर या वर्षअखेर माझं इथलं बस्तान उठेल आणि मी कुठेतरी औषधांच्या दुकानात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसेन. एकदा आलेला निकाल इथे कुणी मानत नाही, पुन्हा पहिल्यापासून करून दाखवावं लागतं. तेव्हा आणखी एक पिशवी पानं पाठव, अगदी तशीच.

मामीला नमस्कार. आणि हो, एवढ्यात कुणाला सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी


९ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. 'कुणाला सांगू नकोस' हे वाक्य तू अगदी शेवटी लिहिलंस, तोवर उशीर झाला होता.

बाकावर चौघे होते आणि खुर्चीत हेडमास्तर. तेच ते, तुला लहानपणी पाढे विचारून रडवणारे. निवृत्त झाले तरी रोज सकाळी गुळगुळीत दाढी लागते त्यांना, जणू शाळेची घंटा व्हायचीच आहे. त्यांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि तुझ्या दोन चुका काढल्या. पण मग म्हणाले, 'पोरीनं नाव काढलं.' त्यांच्या तोंडून असं वाक्य मी तरी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तीनजण झुडपाच्या फांद्या मागायला आले. मी म्हटलं, प्रयोगशाळेची परवानगी लागेल.

तुझ्या मामीला मी म्हटलं, बघ, इतकी वर्षं तू या झुडपाला कचरा करणारं म्हणून नावं ठेवत होतीस. ती म्हणाली, 'कचरा करतंच ते. पहिलं आलं तरी पानं कोण झाडतं?' यावर कुठल्याच प्रयोगशाळेकडे उत्तर नसावं.

तुझ्या निकालाचा मान राखून मी दुकानात एक सुधारणा केली आहे. आत्ता सांगत नाही, आलीस की दाखवीन. खर्च कमी आणि गुण जास्त, अशी ती सुधारणा आहे.

दुसरी पिशवी सोबत आहे. पानं त्याच फांद्यांची, तोडणारा हात तोच. तू आता नुसती भाषणाची तयारी कर. बोलताना केस कपाळावर येऊ देऊ नकोस, लोकांना डोळे दिसले पाहिजेत. हे मी मामा म्हणून नाही, कारागीर म्हणून सांगतोय.

मामा


२ ऑगस्ट

मामा,

पानं मिळाली. काम चालू आहे. तू पाठवलेली पिशवी इतकी घट्ट बांधलेली होती की गाठ सोडवायला दोघी लागलो.

इकडे सगळं ठीक आहे. भाषणाचं अजून लांब आहे. मॅडम कामात आहेत, मीही आहे.

तुला जरा काही विचारायचं होतं, सहज. अशा कामात सगळं लिहून ठेवावं लागतं, म्हणून. पहिल्या वेळी पानं कोवळी होती का जून? तोडली सकाळी की दुपारी? मधल्या काळात झुडपाला वेगळं खतपाणी घातलंस का? शेजारच्या कुणी तिथे रंग, साबण, रॉकेल असं काही ओतलं का? पिशवी उन्हात राहिली होती का? तोडल्यापासून पिशवीत भरेपर्यंत पानांचं काय काय झालं ते क्रमानं लिहिशील? पहिल्या वेळचं आणि दुसऱ्या वेळचं, दोन्ही.

घाई नाही. पण लवकर लिही.

हेडमास्तरांना नमस्कार. त्यांनी माझ्या कुठल्या दोन चुका काढल्या?

भिंगरी


११ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

'घाई नाही, पण लवकर लिही' असं लिहिणारी माणसं मला चांगली माहीत आहेत. लग्नाला निघालेली गिऱ्हाइकं असं बोलतात. काही बिनसलंय का? नसेल तर उत्तम. तुझे प्रश्न मात्र पोलिसांसारखे आहेत, तेव्हा मीही साक्षीदारासारखी उत्तरं देतो.

पानं दोन्ही वेळा जून, वरच्या फांद्यांची. तोडली दोन्ही वेळा सकाळीच, पहिल्या वेळी एकाची दाढी अर्धी सोडून, दुसऱ्या वेळी दुकान उघडायच्या आधी. खत कधीच घातलं नाही, पाणी म्हणजे दुकान धुतल्याचं जाईल ते. रंग नाही, रॉकेल नाही. साबणाचा फेस थोडाफार जातो, पण तो आजोबांच्या वेळेपासून जातोय.

तोडल्यावर काय केलं म्हणतेस, तर पहिल्या वेळी मी एकेक पान आपल्या निळ्या पाण्याच्या बरणीत बुडवलं. आरशाखालची उभी काचेची बरणी आठवते ना, जिच्यात कंगवे आणि कात्र्या असतात? तेच जंतुनाशक औषधाचं पाणी. आपल्या दुकानात माणसाच्या अंगाला लागणारी कुठलीही वस्तू त्या बरणीतून गेल्याशिवाय पुढे जात नाही, हा आजोबांचा नियम. मग पानं तरी तशीच कशी पाठवायची? चांगली बुडवून ठेवली, मऊ फडक्यावर पसरून वाळवली आणि भरली. किती चकचकीत दिसत होती!

दुसऱ्या वेळी निळं पाणी नव्हतंच. आता तुला सुधारणा सांगूनच टाकतो. तुझा निकाल आल्यावर मी विचार केला, जंतूंना फिरकू न देणारं औषध दारात फुकट उभं आहे, मग विकतचं कशाला? बरणी रिकामी करून घासली आणि झुडपाच्या पानांचा रस काढून पाण्यात कालवून भरला. आता कंगवे, कात्र्या, वस्तरा, सगळं त्यातच. रंग जरा गढूळ आहे, पण घरचं आहे. दुसऱ्या खेपेची पानं त्याच पाण्यातून काढली. म्हणजे झुडपाला झुडपाचीच आंघोळ.

बाकी दुकान ठीक. हेडमास्तर हल्ली येत नाहीत. बहुधा दाढी वाढवायचं मनावर घेतलंय.

मामा

ता. क. भिंगरे, मी मामी. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, ते उघडून लिहितेय. हेडमास्तर दाढीबिढी वाढवत नाहीयेत. यांच्याकडे दाढी करताना हनुवटीला कापलं, ती सुजून ही एवढी झाली, पू झाला, ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. आणखीही दोघांच्या मानेवर फोड आलेत. हे तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातलीये. का, तर पोरीच्या निकालाला गालबोट नको. रात्री नीट जेवत नाहीत. काय ते तू समजून घे. मी हे लिहिलंय ते यांना सांगू नकोस.


१६ ऑगस्ट

मामा,

मामीला मी फोन केलाच आहे, आणि तिनं तुझ्याकडून बरणी रिकामी करून घेतलीही असेल. तरी हे तुला माझ्या हातून कळायला हवं.

निळं पाणी परत भर. आजच. कंगवे, कात्र्या, वस्तरा, सगळं आधी उकळत्या पाण्यातून काढ आणि मग त्यात ठेव. पानांचा रस बरणीत राहिला की तो जंतूंना मारत नाही, उलट त्यांना पोसतो.

मी तुझ्यापासून लपवत होते. दुसऱ्या पिशवीतल्या पानांना काहीही कडं आलं नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा नाही आलं. जंतू टिकलीच्या अगदी कडेपर्यंत आरामात येऊन बसले. मला वाटलं, माझाच हात चुकतोय. तुला कळवलं नाही, कारण तू दुकानात सगळ्यांना सांगून बसलास आणि तुला तोंडघशी पाडायची माझी हिंमत होईना. तिकडे तूही माझ्यापासून लपवत होतास. आपण दोघं एकमेकांना जपत बसलो आणि हेडमास्तरांना ताप आला.

तुझं पत्र वाचलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. मामा, पहिलं कडं पानाचं नव्हतंच. ते निळ्या पाण्याचं होतं. पानांवर ते वाळून बसलं होतं, अल्कोहोलमध्ये उतरलं, आणि मी ते चांगलं आटवून घट्ट केलं. पानांच्या हिरव्या रंगात निळा रंग दिसलाही नाही. खात्रीसाठी दुकानापुढची पानं मी मागच्या आठवड्यात आईकडून मागवली होती, तिनं येता-जाता तोडून नुसती पिशवीत टाकलेली. त्यांनाही काही नाही. मग तीच पानं निळ्या औषधात बुडवून पाहिली. कडं हजर.

सगळ्या बश्या घेऊन मी मॅडमना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं. आम्ही त्यांना हसताना प्रथमच बघितलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, 'मुख्य भाषण आता तुझं नाही. ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.' एवढंच. पुढच्या संशोधनाचं त्यांनी काही म्हटलं नाही आणि मलाही विचारवेना.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. धुतलेलं पाठवू नको असं मी सांगायला हवं होतं, तेच कामात पहिलं सांगायचं असतं.

सोबत नळ्या पाठवल्या आहेत, प्रत्येकीत कापूस गुंडाळलेली एकेक काडी आहे आणि निळ्या औषधाचा जोर मारणारे दोन थेंब आहेत, म्हणजे या वेळी ते पुन्हा फसवणार नाही. निळं पाणी भरून दुकान नेहमीसारखं चालू झालं की कंगवा, कात्री, वस्तऱ्याचं पातं, खुर्चीचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ते, यांवर एकेक काडी फिरव, नळीत परत घाल, बूच लाव आणि पाठव. काडी मध्ये कुठे टेकवू नकोस. आणि देवाशपथ, काड्या धुऊ नकोस.

भिंगरी


३० ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. निळं पाणी भरलं आहे. सगळं उकळलं आहे.

हेडमास्तरांकडे जाऊन आलो. जे झालं ते खरं खरं सांगितलं. ते उशीला टेकून बसले होते, हनुवटीवर पट्टी. त्यांच्या पत्नीनं चहा दिला. बाकी दोघांनाही सांगितलं. एकजण हसला, एकजण समोरच्या दुकानात जायला लागला.

मला तुझ्या भाषणाचं फार वाईट वाटतं. आणि स्वतःचंही वाटतं, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर मी लोकांच्या गालावर पालापाचोळा दाबत होतो आणि वर शेखी मिरवत होतो. ज्या एका गोष्टीची मिजास होती, ती माझी नव्हतीच. काल एका पोराचे केस कापले तेही भीत भीत.

झुडूप काढून टाकावं म्हणतो. मामी म्हणते थांबा. इतकी वर्षं काढा काढा म्हणत होती, आता थांबा म्हणते.

नळ्या तिनंच बांधल्या आहेत. काड्या मी फिरवल्या, तू सांगितलंस तशा. धुतल्या नाहीत.

मामा


२० सप्टेंबर

मामा,

झुडपाला हात लावायचा नाही. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, आणि या वेळी दुकानात मोठ्यानं वाचलंस तरी चालेल.

पहिलं, पानाबद्दल. ते जंतू मारत नाही, हे ठरलं. पण मॅडम म्हणाल्या, 'एका परीक्षेत नापास झालं म्हणून शाळेतून काढायचं का? त्यात दुसरं काय आहे ते बघ.' मग मी त्या अर्काच्या एकेक करून चाचण्या घेतल्या. एकीत त्यावर लोहाच्या क्षाराचे थेंब टाकतात. टाकले, आणि सगळी नळी शाईसारखी काळीनिळी झाली. याचा अर्थ पानात टॅनिन भरपूर आहे. चहा कडक झाला की जीभ आखडते ना, ते त्यानंच. कातडी आकसते, बारीक जखमेचं तोंड मिटतं आणि रक्त थांबतं. म्हणजे पान दाबल्यावर रक्त थांबतं असं जे तू म्हणत होतास, ते खरं असायला चांगला आधार आहे. पक्कं म्हणायला अजून खूप काम करावं लागेल. ते काम कोण करणार, तर मी! मॅडमनी मला ठेवून घेतलंय. का, ते पुढे सांगते.

परिषदेत मला भाषण मिळालं नाही, पण भिंतीवर एक तक्ता लावायची जागा मिळाली. त्यात मी काहीच लपवलं नाही. पहिलं मोठं कडं, दुसऱ्या वेळची रिकामी टिकली, आणि मध्ये तुझी बरणी. लोक आधी हसायचे आणि मग वहीत टिपून घ्यायचे. एक म्हातारे प्राध्यापक तक्ता पुन्हा वाचून म्हणाले, 'आमच्याकडेही एकदा असंच झालं होतं, पण आम्ही ते छापलं नाही.' मॅडम शेजारीच होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, 'जानेवारीपासून माझ्याकडे ये.' आणि वर एक 'हं'.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

तुझ्या काड्या आल्या त्या दिवशी मी बरोबरीला इथलेही नमुने घेतले. आमच्या दाराची मूठ, मॅडमचं पेन, हात धुवायच्या नळाची तोटी आणि माझा स्वतःचा कंगवा. सगळ्यांच्या बश्या एकाच कपाटात, एकाच उबेत ठेवल्या. दाराच्या मुठीच्या बशीत पिवळे, पांढरे, नारिंगी ठिपके इतके, की मोजायचा प्रश्नच नव्हता. तोटीचं तर बोलायलाच नको. मॅडमच्या पेनाबद्दल बोलायची मला मनाई आहे. माझ्या कंगव्याच्या बशीत जी बाग फुलली होती ती बघून मैत्रिणीनं स्वतःची वेणी घातली आणि माझ्यापासून लांब बसली.

तुझ्या खुर्चीच्या उशीवर दोन-चार ठिपके होते, त्यावर स्वच्छ कापड घालत जा आणि गिऱ्हाइकागणिक बदलत जा. कंगव्यावर काही नाही. कात्रीवर काही नाही. आणि वस्तरा, मामा, वस्तऱ्याच्या बशीत एकही ठिपका नव्हता. मॅडमनी ती दिव्यासमोर धरली, भिंग लावलं आणि मला विचारलं, 'काडी फिरवली होती ना नक्की?' मी पुन्हा नमुना मागवला, मामीनं तुला न सांगता पाठवला. पुन्हा तेच.

तू लिहिलंस, मिजास माझी नव्हतीच. उलटं आहे. इतकी वर्षं तुझ्या हातून झालेली जखम चिघळली नाही, ती पानामुळे नाही. तू प्रत्येक माणसाच्या आधी आणि नंतर वस्तरा त्या बरणीत बुडवलास, पुसलास, पुन्हा बुडवलास. दुकानात गर्दी असली तरी, सणावाराची घाई असली तरी, कुणी बघत नसलं तरी. निळं पाणी पाच-सहा आठवडे बंद होतं, तेवढ्यात काय झालं ते आपण पाहिलं. याच्याइतका स्वच्छ पुरावा माझ्या सगळ्या कामात दुसरा नाही. तू सगळं श्रेय झुडपाला देऊन टाकलंस, म्हणून तुला ते दिसलं नाही.

वस्तऱ्याच्या बशीचा फोटो मोठा करून पाठवतेय. खाली मॅडमनी सही केली आहे. त्या कुणाला सही देत नाहीत.

तुझी,
भिंगरी


५ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र दुकानात वाचलं नाही. आत स्वयंपाकघरात बसून वाचलं, आणि मग मामीला वाचून दाखवलं. मधेच मला वाचता येईना, तेव्हा उरलेलं तिनं वाचलं. या वेळी तिनं स्वतःचं काही मिसळलं नाही. नंतर म्हणाली, 'एवढं कळायला पोरीला प्रयोगशाळा लागली? घरात पाय धुतल्याशिवाय येऊ देत नाहीत ते बघितलं असतं तरी पुरलं असतं.' आणि डोळे पुसायला पदर शोधत बाहेर गेली, कांद्याचं निमित्त सांगून. घरात कांदा संपलेला होता.

तुला मॅडमनी ठेवून घेतलं हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मी इतके दिवस मनात धरून बसलो होतो की माझ्या चकचकीत पानांनी पोरीचं नुकसान केलं. जानेवारीच्या आधी एकदा ये. केस मी कापीन, आणि तो कंगवा घेऊन ये, त्याला बरणी दाखवायची आहे.

झुडूप आहे तिथेच आहे. छाटून जरा आटोपशीर केलंय. रक्त थांबवायला पान अजूनही वापरतो, पण आधी जखम पुसतो, आणि पान उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतो. मॅडमना विचार, चालेल का. नाही म्हणाल्या तर बंद.

उशीवरची कापडं मामीनं शिवून दिली, अर्धा डझन, पांढरी. समोरच्या दुकानात गेलेला गडी परत आला. म्हणे, तिकडे यंत्र डोकं चोळतं पण गप्पा मारत नाही.

तू पाठवलेला बशीचा फोटो मी चौकटीत बसवून आरशाच्या वर लावला. लोकांना वाटतं, चंद्राचा आहे. मी कुणाला समजावत बसलो नाही, कारण मी वाट वेगळ्याच माणसाची बघत होतो.

ते परवा आले. सकाळी, नेहमीच्या वेळेला. हनुवटीवर बारीकसा डाग राहिलाय, बाकी बरे आहेत. दारात उभे राहिले, आत येईनात. मीही 'या' म्हणायला धजेना. मग त्यांची नजर वर गेली.

'हे काय लावलंयस?'

'सर, जवळून बघा, त्यात काय दिसतं ते सांगा.'

त्यांनी चष्मा लावला, आरशापाशी आले, मान वर करून सगळी बशी या कडेपासून त्या कडेपर्यंत निरखली. पोरांच्या वह्या तपासताना बघायचे ना, तसंच. खालची सही वाचली. पुन्हा बशी बघितली.

'काही नाही,' ते म्हणाले.

मी वस्तरा बरणीतून काढला, पुसला आणि म्हटलं, 'बसा मग.'

तुझा,
मामा